लंडनमधली फुकट म्युझियमं: पाच दिवस, आईचे गुडघे आणि बाबांची वाघनखं

कारेलीबागकर:

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन बडोद्याहून लंडनला चाललोय. हॅरोला मामेबहीण असते, तिच्याकडे उतरणार. नऊ दिवसांतले दोन नातेवाइकांच्या जेवणावळीत, एक जेट लॅगमध्ये आणि एक आईच्या 'भाच्यांसाठी काहीतरी घ्यायला हवं'मध्ये जाणार हे धरूनच चाललोय. म्हणजे हातात पाच.

तिकडची मोठी म्युझियमं फुकट आहेत हे कळल्यापासून बाबा पेटलेत. मकरपुऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिलेत त्यांनी. फुकट म्हटलं की त्यांच्या डोक्यात एकच येतं, मग सगळीच बघू. वहीत तक्ता आखून तयार आहे: पाच दिवसांत अकरा म्युझियमं. सकाळी एक, जेवून एक, एका दिवशी संध्याकाळीही एक. आई म्हणते, मला एकच दाखवा पण बसायला मिळू दे. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीवर अर्धा तास चालते, जिना दिसला की माझ्याकडे बघते.

बाबांच्या यादीत सगळ्यात वर शिवाजी महाराजांची वाघनखं, खाली कोहिनूर, मग टिपूचा वाघ. आईला विचारलं तर म्हणाली, कमाटीबागेत आहे त्याहून वेगळं काही असेल तर सांग. (आमच्या घरात म्युझियम म्हणजे कमाटीबागेतलं. मे महिन्यात पाहुणे आले की आधी मम्मी, मग देवमासा, मग बाहेर येऊन शेंगदाणे. किती वेळा गेलोय ते आता आठवत नाही.)

तर सांगा, खरंच सगळं फुकट असतं, की आत गेल्यावर कुठेतरी कापतात? आधी बुकिंग लागतं का? आणि बाबांना अकरावरून कितीवर आणू?


वेम्ब्लीतला_बडोदेकर:

वाघनखं बघायला लंडनला येऊ नका, महाराष्ट्रातच चौकशी करा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती जुलै २०२४मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ती आधी मांडली. शिवाय ती महाराजांनी अफजलखानावर वापरली तीच, याला पुरावा नाही असं म्युझियम स्वतःच म्हणतं. साताऱ्यात नेमलेल्या ग्रँट डफ या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याकडून त्याच्या घराण्यात गेली आणि तिथून म्युझियमकडे आली, एवढा माग लागतो.

कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये. तिथे फुकट काही नाही, माणशी तीस पौंडांच्या वर. तिघांचे शंभराच्या घरात जातात.

काकांना एकदम सांगू नका, दोन दिवसांत विभागून सांगा.


दांडियाबाजारच्या_बाई:

अरे, तुझ्या बाबांचा तक्ता वाचून मी चष्मा काढून हसले. आमच्या ह्यांनीही अगदी असाच केला होता, फक्त त्यांचा रंगीत पेनने होता. मुलगी हॅरोलाच आहे, दोन खेपा मिळून साडेसात महिने राहिलो तिकडे. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे लेक ऑफिसला गेली की डबा घेऊन मी म्युझियमात. दारातला एक पहारेकरी तर शेवटी शेवटी मला हात करायचा.

आधी आमची फजिती ऐक. पहिल्याच आठवड्यात एका दिवसात तीन केली. साउथ केन्सिंग्टनला तिन्ही एकमेकांना लागून आहेत, म्हटलं उरकून टाकू. दुपारी तीनला हे एका बाकावर बसले आणि म्हणाले, "तू जा. मला आता काही दाखवू नकोस." तासाभराने परत आले तर बाक तोच, पण हे नाहीत. तसाच बाक बरोबर वरच्या मजल्यावरही होता, आणि मी त्या बाकापाशी उभी होते. चाळीस मिनिटं मी वर, हे खाली. फोन ह्यांचा माझ्याच पिशवीत. रात्री लेकीने विचारलं काय काय पाहिलं, तर दोघांत मिळून एक डायनासोर आणि बाथरूमची रांग आठवत होती.

फुकटचा अर्थ तुझे बाबा उलटा लावताहेत. वीस पौंड मोजले असते तर ते वसूल करायला माणूस संध्याकाळपर्यंत पाय ओढतो. इथे काहीच मोजलेलं नाही, तर पाऊण तासात बाहेर पडलं म्हणून काय बुडालं? उद्या परत जा. मी एकाच मूर्तीसाठी चारदा गेलेय. ही चैन तिकीट काढून परवडली असती का?

आणि कापत वगैरे कुणी नाही. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं तेव्हापासून फुकट. १९७४मध्ये सरकारने तिकीट लावून पाहिलं, ते तीन महिन्यांत गुंडाळावं लागलं. केन्सिंग्टनची तिन्ही १९८०-९०च्या दशकांत पैसे घ्यायला लागली होती, ते २००१च्या अखेरीस बंद झालं. तिथले लोक करातून भरतात, म्हणून दारात आपल्याकडे कुणी मागत नाही. पाच-दहा पौंड टाका असं सुचवणारी पेटी किंवा कार्डाचं यंत्र असतं, मर्जी आपली. मी दर खेपेला एक पौंड टाकायचे आणि हे तेवढ्यात छताची नक्षी बघायचे. खास प्रदर्शनांना मात्र तिकीट असतं, ते दार वेगळं. तिकडे वळायचंच नाही.

आता कुठे जायचं. आईसाठी म्हणशील तर मी डोळे मिटून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट सांगेन. तिथे मूर्तींच्या प्लास्टरच्या नकलांची दोन प्रचंड दालनं आहेत, १८७३ची. रोमचा ट्राजनचा स्तंभ छतात मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी-शेजारी उभा केलाय. पलीकडे मायकेल अँजेलोचा डेव्हिड, पूर्ण उंचीचा. मी विद्यार्थिनी होते तेव्हा आम्हाला ड्रॉइंगला प्लास्टरचं एक नाक, एक डोळा आणि एक कान द्यायचे, त्याच्यावरून छायाप्रकाश गिरवायचे. दोन वर्षं ते नाक काढलं मी. ते कुणाचं हे सरांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. साठीनंतर त्या दालनात मान वर केली आणि वर तेच नाक! मी ह्यांना म्हटलं, अहो हे माझं नाक. ह्यांना वाटलं मला चक्कर आली.

डेव्हिडच्या मागच्या बाजूला काचेत एक प्लास्टरचं पान ठेवलंय. राजघराण्यातल्या बायका यायच्या तेव्हा ते त्याच्यावर अडकवायचे. आईला दाखव, गुडघे विसरेल.

तिथेच अजिंठ्याची आठवण काढ. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स साहेब १८७२पासून पुढे तेरा वर्षं आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगात मोठमोठ्या नकला करून घेत. त्या लंडनला पाठवल्या आणि बऱ्याच तिथे आगीत जळाल्या. उरलेल्या या म्युझियमकडे आहेत. त्या पोरांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. दिव्याच्या उजेडात मान वाकडी करून ब्रश धरणारी आपली पोरं होती ती. असो, मास्तरीण आहे, पाल्हाळ लागतो.

टिपूचा वाघही याच म्युझियमचा. १७९९ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा लुटून नेला. लाकडी वाघ गोऱ्या सोजिराच्या नरड्यावर बसलाय आणि पोटात बाजाची पेटी आहे. पण निघायच्या आदल्या दिवशी मामेबहिणीला म्हणावं वेबसाइट बघ, कारण हिंदुस्थानी वस्तूंची दालनं दुरुस्तीला काढतात आणि वस्तू हलवतात. बाबांना वाघनखांपाठोपाठ वाघही चुकला तर घरात राहणं कठीण होईल.

चहा तिथेच घ्या. म्युझियमात उपाहारगृह काढायची कल्पना जगात पहिली यांची, त्या जुन्या खोल्यांत अजून टेबलं मांडलेली असतात. खांबांवर चिनी माती, वर रंगीत काचा. एका कपाच्या पैशात रावपुऱ्यात चौघांची शेव-उसळ होते, तरी एकदा घ्या. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि संध्याकाळी गर्दी पांगलेली असते.

आईला थेट म्युझियमपर्यंत भुयारी गाडीने नेऊ नकोस. साउथ केन्सिंग्टन स्टेशनवर जिने आहेत. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट (तिथेही काही पायऱ्या आहेत), बाहेर येऊन ७४ नंबरची बस. म्युझियमाजवळ उतरवते आणि वाटेत हाइड पार्क फुकटात दिसतं. बसमध्ये रोख चालत नाही, कार्ड टेकवायचं. सगळ्या मोठ्या म्युझियमांत व्हीलचेअर फुकट मिळते, आधी कळवून ठेवलं तर बरं. आई आधी नको म्हणेल. ह्यांचा मोठा भाऊ आला होता तेव्हा तोही म्हणाला होता. दहा मिनिटांनी खुर्चीतून बोट दाखवून सगळ्यांना हुकूम सोडत होता. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये घडीची स्टुलंही मिळतात, काखेत घेऊन फिरायचं आणि वाटेल तिथे बसायचं.

नॅचरल हिस्टरीचं म्हणशील तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडच्या शाळांना सुट्टी असते. सगळं लंडन पोरं घेऊन तिथे लोटतं. वेबसाइटवरून वेळेचं फुकट तिकीट काढून ठेव आणि दहाला दार उघडताना हजर राहा. डायनासोरच्या रांगेत उभं राहायचं नाही. मधल्या मोठ्या दालनात छताला देवमासा टांगलाय, होप नावाचा, पंचवीस मीटरचा. १८९१मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर वाहून आला, पण या दालनात टांगला २०१७मध्ये. जबडा उघडून तुमच्या अंगावर सूर मारतोय असा. आपला कमाटीबागेतला एका दालनात दाटीवाटीने बसवलाय, त्याचं पाणी कधी डोळ्यांपुढे येत नाही. इथे मात्र वर समुद्र आहे असंच वाटतं. आईला व्हीलचेअर मागे कलवून बघू दे. मग बाहेर. तेवढंच.

ब्रिटिश म्युझियममध्ये मम्म्या सोडून द्या. मम्मी आपल्या घरची आहे. रोझेटा शिला, म्हणजे इजिप्तचा तो कोरीव लेखाचा दगड, चौथ्या दालनात, तिच्यापुढे मोबाइल उंचावलेली गर्दी, दुरून नमस्कार करायचा. पण मागच्या बाजूला अमरावतीच्या स्तूपाच्या शिळा आहेत, आंध्रातल्या, सव्वाशेच्या आसपास, काचेच्या खोलीत. तिथे माणूस नसतो. पांढुरक्या दगडात इतकी दाटी, इतक्या हालचाली, की पंधरा मिनिटं एकाच शिळेपुढे जातात. समोरच्या दाराला खूप पायऱ्या आहेत, पण दोन्ही कडेला लिफ्ट आहे, विचारा.

नॅशनल गॅलरीत बाटली-पाणी नेऊ देत नाहीत, एका चित्रावर सूप ओतल्यापासून कडक झालेत. पिशव्या हलक्या ठेवा. तिथे फक्त व्हॅन आइकचं नवरा-बायकोचं चित्र बघा, १४३४चं, मागच्या भिंतीवरच्या गोल आरशात खोली उलटी दिसते आणि दारात आलेली आणखी दोन माणसं. बटाट्याच्या कापाएवढा आरसा. शुक्रवारी उशिरापर्यंत उघडं असतं.

घड्याळ लक्षात ठेव. त्याच शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात. पाचच्या आत सूर्यास्त. बाबांचा 'संध्याकाळी एक' तिथेच कापला जाईल, तुला भांडावं लागणार नाही.


फतेहगंज_स्पीकिंग:

बाई, सायन्स म्युझियमचं नावसुद्धा नाही? काकांना यंत्रं आवडत असतील ना, कारखान्यातले आहेत. चंद्राला फेरी मारून आलेलं अपोलो १०चं यान तिथे खरं ठेवलंय, जळक्या तळासकट. तेही फुकट.


दांडियाबाजारच्या_बाई:

हिशेबवाले होते रे, यंत्रवाले नाहीत. पण बरोबर आहे तुझं, मी वाफेच्या इंजिनांपाशी दरवेळी झोपेला येते म्हणून वगळलं. बाबा आणि पोरगा तिकडे जाऊ देत, आई आणि मी असते तर बागेत बसलो असतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या मधल्या चौकात पाण्याचं तळं आहे, कडेने बाक. थेपले काढले तर कुणी हटकत नाही.


सयाजीगंज_९०:

बडोद्याहून जाताय तर एक छोटं ठिकाण घाला, याची रांग नसते. १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोझ हिलजवळ, स्टेशन चॉक फार्म. डॉ. आंबेडकर १९२१-२२मध्ये या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ला विकत घेऊन तिथे संग्रहालय केलंय. प्रवेश मोफत. जुनं रांगेतलं घर आहे, जिने आहेत, काकूंना खालच्या मजल्यापुरतं जमेल.

यात बडोदं कुठे, तर सगळीकडे. १९१३मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. १९१६ला तिथून ते लंडनला आले, पण मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून १९१७मध्ये बडोद्यात नोकरीला यावं लागलं. या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. हाकललं गेल्यावर ते जिथे बसले ती जागा कमाटीबागेतच, आज तिला संकल्पभूमी म्हणतात. म्हणजे तुमच्या मम्मी-देवमाशापासून चालत दहा मिनिटं. शेंगा खात आपण कितीदा बाजूने गेलो असू.

मग १९२०मध्ये साठवलेल्या आणि उसन्या पैशांवर ते परत लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या मधोमध घुमटाखालची गोल वाचनखोली आहे ना, तेव्हा मोठं ग्रंथालय तिथेच होतं. सकाळी दार उघडायच्या आधी हजर आणि संध्याकाळी उठवेपर्यंत बसलेले. दुपारच्या जेवणाला पैसे नसायचे. बाई म्हणतात त्या अमरावतीच्या दालनाकडे जाताना तुम्हाला त्या गोल भिंतीला वळसा घालावाच लागतो. तिथे दोन मिनिटं थांबा.

वेळ आणि वार आधी बघून जा, दोन्ही ठिकाणी.


कारेलीबागकर:

सगळ्यांचे आभार, बाई तुमचे जरा जास्तच.

बाबांना साताऱ्याचं सांगितलं. अर्धा तास बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन वर्षांसाठी? मग भाडं किती घेतलं?" फुकट दिली म्हटल्यावर थोडे शांत झाले. कोहिनूर परवा सांगणार आहे.

तक्ता अकरावरून पाचवर आलाय. सहावं किंग हेन्रीज रोड, ते आईने घालायला लावलं. संकल्पभूमीच्या फाटकासमोर ती लग्नाआधी रोज बसची वाट बघायची म्हणे, हे आम्हाला आत्ता कुठे कळलं. काल संध्याकाळी तिला घेऊन तिकडे जाऊन आलो. देवमाशाकडे गेलो नाही, म्हणाली त्याचं तिकडे बघेन.

बाई, एकच राहिलं. चुकामूक होऊ नये म्हणून काय करायचं? बाबा माझ्यापेक्षा वेगात चालतात आणि आई त्यांच्या अर्ध्या.


दांडियाबाजारच्या_बाई:

प्रत्येकाचा फोन ज्याच्या-त्याच्या खिशात, बायकोच्या पिशवीत नाही. आत शिरल्यावर भेटायचा बाक ठरवायचा आणि त्याचा फोटो काढायचा, मागे भिंतीवर दालनाचा नंबर दिसेल असा. आम्ही दुसऱ्या आठवड्यापासून तेच केलं. ह्यांच्या मोबाइलमध्ये लंडनचे सत्तावीस फोटो आहेत, त्यांतले एकोणीस बाकांचे.